सिव्हिल लाइन्समधील एक शाळा

आमच्या नंदनवनातून सिव्हिल लाइन्सकडे जाताना एका जुन्या संस्थेचे स्मरण आम्हांस हटकून होते. 29 एप्रिल 1957 रोजी केंद्र शासनाने नागपुरात केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था स्थापन केली. मदतकार्याची धुरा वाहणाऱ्या महसूल अधिकाऱ्यांना ते कार्य रीतसर शिकवावे, हा मूळ हेतू. कणव उपजत असते. पण ढिगाऱ्याखालील जखमीला घाईने ओढले तर त्याचा कणा कायमचा जायबंदी होऊ शकतो, हे शिकावेच लागते.

पुढे 1962 चे चिनी आक्रमण व 1965 चे युद्ध झाले. शहरांवरील हवाई हल्ल्यांची धास्ती वरचढ ठरली आणि 1968 मध्ये ती संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. भय समजण्याजोगे होते. तरी नावातून 'मदत' हा शब्द गळाला, याची आम्हांस रुखरुख वाटते. घर बॉम्बने पडो वा भूकंपाने, आत अडकलेल्यास सोडविण्याची विद्या मात्र एकच. 2018 मध्ये हे महाविद्यालय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाले.

23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून पाणी नागपूरच्या घरांत शिरले, तेव्हा प्रशिक्षित जवानांनी मूकबधिर विद्यालयातील सुमारे 40 मुलांना सुखरूप बाहेर काढले. दुरून मारलेली हाक त्या लेकरांना ऐकू येणार नव्हती. जवळ जाऊन हातच धरावा लागणार होता.