जमिनीलगतचं आकाश

इलेक्ट्रॉनिक्स अँड रडार डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एलआरडीई, ही बंगळूरची संस्था. 1958 साली डीआरडीओची स्थापना झाली, त्याच वर्षी ही प्रयोगशाळाही उभी राहिली. तिचा पसारा सी. व्ही. रामन नगरात. कृष्णा-कोयनेच्या काठाशी तिचा वरवर काही संबंध नाही. तरी कराडकराने तिची वाटचाल जरूर वाचावी. ज्या प्रश्नाने या संस्थेला वर्षानुवर्षं कामाला लावलं, तो प्रश्न ऐन युद्धात ज्या संरक्षणमंत्र्यापुढे येऊन उभा राहिला, ते आपले यशवंतराव चव्हाण होते.

6 सप्टेंबर 1965 ची संध्याकाळ. पाकिस्तानची आठ सेबर विमानं अगदी खालून उडत पठाणकोटच्या धावपट्टीवर आली. आपली विमानं उघड्यावर उभी होती. काही मिनिटांत दहाच्या आसपास विमानं जळून गेली. रशियाकडून नुकतीच आलेली दोन मिग-21 त्यांतच गेली. दोष एकट्या रडारचा नव्हता; वेळेवर विमानं हवेत का नव्हती, उघड्यावर का होती, हे प्रश्न आजही विचारले जातात. पण जमिनीला चिकटून येणारं विमान उशिरा दिसतं, म्हणजे निर्णयाला वेळच उरत नाही, हा धडा त्या संध्याकाळी मिळाला आणि तो फार महागात पडला.

त्याआधी तयारी झाली नव्हती असं नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, म्हणजे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. 1963 च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलांबरोबर ‘शिक्षा’ हा सराव झाला, त्यासाठी फिरती रडारं भारतात आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात यशवंतराव शस्त्रसामग्रीच्या बोलणीसाठी अमेरिकेत होते. तिथेच त्यांना पंडितजींच्या निधनाची बातमी कळली आणि ते परतले. त्याच वर्षी त्यांनी मॉस्को गाठलं. म्हणजे रडार हा विषय तेव्हा मुख्यतः परदेशवारीचा होता. दुसऱ्याने दिलं तर मिळायचं, नाही दिलं तर दुर्बीण आणि वायरलेस घेऊन टेकडीवर बसलेली माणसं. ही पद्धत हवाई दलाने पुढेही बरीच वर्षं टिकवली आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नव्हती.

खालून येणारं विमान का दिसत नाही, ते कराडच्या भूगोलात बसवून पाहू. समजा सदाशिवगडाच्या पायथ्याशी सपाटीवर रडार उभं केलं आणि अँटेना 10 मीटर उंच ठेवला. विमान 10 किलोमीटर उंचीवर असेल, तर ते तीन-चारशे किलोमीटरवरूनसुद्धा टप्प्यात येऊ शकतं. तेच विमान 100 मीटरवर उतरलं, की पृथ्वीच्या गोलाईआड जातं आणि साधारण 54 किलोमीटरवर आल्यावरच डोकं वर काढतं. ताशी 900 किलोमीटरचा वेग म्हणजे मिनिटाला 15 किलोमीटर. हाती उरली साडेतीन मिनिटं. ही झाली सपाट मैदानाची गोष्ट. आपल्याकडे आगाशिवचा डोंगर आहे, वसंतगड आहे, पाटणच्या रांगा आहेत. कोकणातून कुंभार्ली घाट ओलांडून, कोयनेच्या खोऱ्यात शिरून, दोन्ही बाजूंच्या डोंगरांआडून कुणी आलं तर ती साडेतीन मिनिटंही मिळणार नाहीत.

रडार कितीही ताकदीचं घेतलं तरी ही अडचण सुटत नाही. किरण सरळ जातो, जमीन वाकते, डोंगर आडवा येतो. उपाय दोनच. एक, डोळा उंच न्यायचा: बलूनवर, नाहीतर विमानावर. तेही भारताने केलं. इस्राएलकडून दोरीला बांधलेले बलून घेतले, फाल्कन ही रडारवाहू विमानं घेतली, पुढे तसंच ‘नेत्र’ घरी बनवलं. पण हे डोळे महाग, मोजके आणि अष्टौप्रहर हवेत राहू न शकणारे. दुसरा उपाय म्हणजे मोठ्या रडारांच्या मधल्या फटींत पुष्कळ लहान रडारं पेरायची, आणि ती गाडीवर हवीत. एका जागी रोवलेल्या रडारची जागा शत्रूला ठाऊक होते. 1965 मध्ये अमृतसरच्या रडारवर पाकिस्तानी विमानं पुन्हा पुन्हा तुटून पडली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात त्यांचा एक स्क्वाड्रन लीडर मारला गेला. रडार मात्र शेवटपर्यंत चालू राहिलं. अमृतसरच्या त्या तुकडीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण दरवेळी एवढं नशीब साथ देईल यावर कुणी बेत आखत नाही.

एलआरडीईच्या वाटचालीचा गाभा हा दुसरा उपाय आहे. तिची पहिली दोन दशकं पायाभरणीत गेली. ऐंशीच्या दशकात ‘इंद्र’ आलं. नाव देवाचं वाटतं, पण ते इंडियन डॉप्लर रडारचं लघुरूप. खालून उडणारी लक्ष्यं टिपणारं, चाकांच्या दोन वाहनांत मावणारं हे फिरतं रडार. डीआरडीओने आखलेलं आणि सैन्याकडे संख्येने गेलेलं हे पहिलं मोठं रडार. बनवलं भारत इलेक्ट्रॉनिक्सने. या कंपनीचा जन्म 1954 मध्ये बंगळूरला फ्रेंच सहकार्याने झाला, आणि हवाई दलाच्या रडारांसाठी सत्तरच्या दशकात गाझियाबादला तिचा वेगळा कारखाना निघाला.

इंद्रची खरी कसोटी अंतराची नव्हती, गोंगाटाची होती. खाली पाहणाऱ्या रडारला विमानाबरोबर सगळा मुलूखच उत्तर देतो. आगाशिवचा कडा, रेठऱ्याच्या कारखान्याची चिमणी, विजेचे मनोरे, वाऱ्यावर हलणारा उसाचा फड. भर बाजारात हजार माणसं बोलत असताना आपल्याला हाक मारणारा एकच आवाज निवडून काढायचा, असा हा प्रकार. त्याला डॉप्लरचं तत्त्व उपयोगी पडतं. जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते, स्थिर वस्तूची बदलत नाही. न बदललेलं सगळं गाळून टाकलं की हलणारं तेवढं उरतं. ‘इंद्र-2’ मध्ये याला पल्स कॉम्प्रेशनची जोड मिळाली: लांब स्पंदन पाठवून ऊर्जा भरपूर द्यायची, आणि परत आल्यावर ते आकसवून जवळजवळची दोन लक्ष्यं वेगळी ओळखायची. हे ‘इंद्र-2’ जमिनीवरून लढाऊ विमानांना शत्रूवर धाडण्यासाठी हवाई दलाने घेतलं.

गाळणी लावली म्हणजे काम झालं असंही नाही. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. मनोरा हलत नाही, पण पात्याचं टोक ताशी दोन-अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फिरतं. डॉप्लरच्या गाळणीला ते टोक स्थिर वस्तू वाटत नाही, हेलिकॉप्टर किंवा हळू उडणारं विमान वाटू शकतं. हवाई दलाच्या ठाण्यांजवळ पवनचक्क्या उभारायला संरक्षण खात्याची परवानगी लागते, ती याचसाठी. ज्या पठारावर आपण रविवारी फोटो काढायला जातो, ते रडारवाल्यांच्या दृष्टीने डोकेदुखीचं ठिकाण आहे.

दिसणं आणि ओळखणं यांतही अंतर आहे. 28 मे 1987 रोजी माथियास रुस्ट नावाचा एक पश्चिम जर्मन पोरगा छोटं सेसना विमान घेऊन थेट मॉस्कोत, रेड स्क्वेअरच्या शेजारी उतरला. वाटेत तो सोव्हिएत रडारांना दिसला होता, पण आपलंच एखादं लहान विमान असेल म्हणून सोडून दिलं गेलं. पुढे तिथल्या संरक्षणमंत्र्याला पद सोडावं लागलं. इंद्रमध्ये आपला-परका ओळखणारी यंत्रणा अंगभूतच ठेवली होती, ती का हवी हे या एका उड्डाणाने जगाला कळलं.

आपल्याला हाच चटका 1995 च्या डिसेंबरात बसला. 17 तारखेच्या रात्री पुरुलियावर एका अँतोनोव्ह विमानातून शस्त्रांच्या पेट्या पडल्या आणि विमान निघून गेलं. चार-पाच दिवसांनी तेच विमान मुंबईच्या विमानतळावर उतरायला भाग पाडलं गेलं, तेव्हा कुठे प्रकरण हाती लागलं. त्या भागातलं रडार चोवीस तास चालत नाही, ही गोष्ट नंतरच्या चर्चेत पुढे आली. इथे मुद्दा तंत्रज्ञानाचा नाही, संख्येचा आहे. यंत्रं कमी असली की त्यांना विश्रांती द्यावी लागते, आणि विश्रांतीच्या वेळी आकाश उघडं पडतं. खालच्या उंचीची रडारं गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, असा ठपका या शतकाच्या पहिल्या दशकात महालेखापरीक्षकांनीही ठेवला.

मग एलआरडीई करत काय होती? आराखडे करत होती, आणि चांगले करत होती. पोलंडच्या सहकार्याने सुरू झालेल्या त्रिमितीय रडारमधून ‘रोहिणी’ निघालं. 2008 मध्ये पहिलं रोहिणी हवाई दलाच्या हाती आलं. द्विमितीय रडार लक्ष्याचं अंतर आणि दिशा सांगतं. त्रिमितीय त्याची उंचीही सांगतं. लढाऊ विमान नेमकं कुठे पाठवायचं हे ठरवणाऱ्याला ही तिसरी बाब सोन्यासारखी. त्याच घराण्यातलं ‘रेवती’ नौदलाकडे गेलं. पण मला स्वतःला जास्त आवडतात ती दोन छोटी भावंडं. ‘भरणी’ हे बॅटरीवर चालणारं, सुमारे 40 किलोमीटर टप्प्याचं हलकं रडार. सुटे भाग करून ते गाडीतून, खेचरावरून किंवा माणसांच्या खांद्यावरून नेता येतं. ‘आश्लेषा’ त्रिमितीय, डोंगराळ मुलुखासाठी, 50 किलोमीटरच्या आसपास टप्पा. रस्ता संपतो तिथून पुढे विमानभेदी तोफांच्या तुकडीला डोळे लागतात, ते ही देतात. मोठ्या प्रदर्शनात या लहान यंत्रांपुढे कुणी थांबत नाही. कुंभार्लीसारख्या घाटात मात्र हीच कामाची.

आराखडा ते कारखाना आणि कारखाना ते तुकडी हा प्रवास या संस्थेच्या इतिहासातला सगळ्यात रखडलेला भाग आहे, आणि गौरवअंकांत तो नेमका गाळला जातो. इंद्रसारखं रडार घरात असूनही 2009 मध्ये खालच्या उंचीच्या 19 वाहतूकक्षम रडारांसाठी फ्रान्सच्या थेलेसकडे जावं लागलं, आणि तीही यायला वर्षं लागली. याला केवळ शास्त्रज्ञ जबाबदार असं म्हणता येणार नाही. हवाई दलाच्या मागण्या मधेच बदलतात, चाचण्या लांबतात, फायली फिरतात. पण म्हणून शास्त्रज्ञांना पूर्ण मोकळंही सोडता येत नाही. एक नमुना उत्तम चालला याचा आनंद साजरा करून पुढच्या नमुन्याकडे वळण्याची सवय आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांना आहे.

दरम्यान शत्रूचं रूपच पालटलं. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत सीमेवर जे आलं, त्यात ड्रोनची संख्या मोठी होती. ड्रोन खालून उडतो, शिवाय हळू उडतो आणि आकाराने पक्ष्याएवढा असू शकतो. गाळणी जरा कडक ठेवली तर तो गाळला जातो, सैल ठेवली तर पडद्यावर बगळ्यांचे थवे दिसतात. त्या दिवसांत भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या ‘आकाशतीर’ प्रणालीचं नाव घरोघरी पोहोचलं. वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र आणून तोफा आणि क्षेपणास्त्रांपर्यंत पोहोचवणं हे तिचं काम. पण ती स्वतः काही पाहत नाही. तिला पाहून देणारी रडारं खाली असावीच लागतात.

त्यासाठीचं एलआरडीईचं ताजं उत्तर म्हणजे ‘अश्विनी’: खालच्या उंचीचं, वाहतूकक्षम, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरण फिरवणारं रडार. वेगवान लढाऊ विमानापासून हेलिकॉप्टर आणि ड्रोनपर्यंत सगळ्यांचा माग काढण्यासाठी ते आखलं आहे. हवाई दलासाठी त्याच्या खरेदीचा 2,906 कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी केला, तो 12 मार्च 2025 रोजी. त्या दिवशी कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या जयंतीची गर्दी असते. दिल्लीत कुणाला हे आठवलं असेल असं नाही; योगायोगच म्हणायचा.

यशवंतराव मुख्यमंत्री असताना, 1960 साली, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि 1961 च्या जूनमध्ये साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा. एकीकडे यंत्र बनवणारा तयार होतो, दुसरीकडे ते वापरणारा. कराडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बरोबरीने डीआरडीओच्या भरतीची जाहिरातही वाचावी, आणि प्राध्यापकांनी ती वर्गात लावावी. अश्विनीची रडारं गाझियाबादच्या कारखान्यात बनणार आहेत. ती किती, आणि किती वर्षांत हवाई दलाच्या तुकड्यांपर्यंत पोहोचतात, यावरच एलआरडीईच्या पुढच्या टप्प्याचं मोजमाप व्हावं.