एका रुळावर दोन नाणी

1945 साली बर्लिनचे चार वाटे झाले, पण आगगाडी काही वाटता आली नाही. शहरभरची रेल्वे राइख्सबान या एकाच खात्याकडे राहिली, आणि ते खाते सोव्हिएतांच्या हाताखाली. 1948 च्या जूनमध्ये शहरात दोन मार्क सुरू झाले. पश्चिमेत राहणारा सांधेवाला पगार घेई पूर्वेच्या मार्कांत. दुकानदार आणि घरमालक मागत पश्चिमेचे. त्यातला एक घ्यायला पूर्वेचे कित्येक मोजावे लागत. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. पगारपत्रक पाहिले की आम्हांला राजकारण लवकर कळते.

श्रोतेहो, याला महासत्तांचे भांडण म्हणतात. होतेही. पण 12 मे 1949 ला सोव्हिएत नाकेबंदी उठली आणि 21 मेला गाड्या पुन्हा थांबल्या, त्या पगारासाठी. मुख्य मागणी ही, की वेतन पश्चिमेच्या मार्कांत द्या. खात्याने 60 टक्के देऊ केले. संपवाल्यांनी मतदान करून ते नाकारले. अखेर उरलेले 40 टक्के काही काळ बदलून देण्याची हमी पश्चिमेच्या नगरशासनाने घेतली, तेव्हा जूनअखेर संप मिटला.

खाते मात्र बदलले नाही. 1961 मध्ये भिंत उभी राहिली, तरी पश्चिमेतली शहरगाडी पूर्वेचेच खाते चालवी. 9 जानेवारी 1984 ला ती पश्चिम बर्लिनच्या वाहतूक मंडळाकडे आली.