मराठी चौथी, इंग्रजी पहिली

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, मोडी वळणदार झाली की शिक्षण संपले. मूल कितवीत आहे, हा प्रश्न सरकारी शाळांबरोबर आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठीची क्रमिक पुस्तके निघाली, तीही ‘पहिले पुस्तक’, ‘दुसरे पुस्तक’ याच नावांनी.

पुढे बसलेली घडी अशी होती : आधी बिगारी, मग मराठी पहिली ते सातवी आणि शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. इंग्रजी शिकायचे असेल तर मराठी चौथीनंतर इंग्रजी शाळेत नाव घालत, आणि तिथे मूल पुन्हा पहिलीत बसे. इंग्रजी पहिली ते तिसरी मिडल स्कूल, चौथी ते सातवी हायस्कूल. सातवी म्हणजेच मॅट्रिक. ही परीक्षा मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये प्रथम घेतली. एक भाऊ मराठी सहावीत आणि चुलतभाऊ इंग्रजी दुसरीत असेल, तर दोघांची शाळेतली वर्षे सारखीच. गावात मान मात्र इंग्रजी दुसरीला.

असा प्रकार फिनलंडमध्येही होता. लोकशाळेची चार वर्षे संपवून मूल ‘ओप्पिकोउलू’ या माध्यमिक शाळेत गेले की वर्गांची मोजणी पहिलीपासून सुरू होई. १९७२ ते १९७७ या काळात सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आली आणि ही दुहेरी मोजणी थांबली.

महाराष्ट्रात ती स्वातंत्र्यानंतर मोडली. इंग्रजी पहिलीची पाचवी झाली, सातवीची अकरावी. १९७५ मध्ये शालान्त परीक्षा दहावीवर आली. त्याआधीचे लोक ‘जुनी अकरावी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुनी आत्मचरित्रे वाचताना ‘इंग्रजी’ हा शब्द दिसला की त्या इयत्तेत चार मिळवावेत.

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणी-पिंपळे सौदागरच्या इंग्रजी शाळांतली मुले आता ‘फिफ्थ’मध्ये असतात; पाचवी म्हणतात ती घरची वडीलधारी माणसे. मराठी शाळांत इंग्रजी विषय पहिलीपासून आला तो २००० मध्ये. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच पिंपरी-चिंचवड परिसरातले. चिंचवडचे प्रेक्षागृह त्यांच्याच नावाने आहे.