टाऊन हॉलचं छप्पर

लहानपणी आजोबा सीपीआरमध्ये होते तेव्हा आम्हा पोरांना वॉर्डात सोडत नसत. मग मामा समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत नेऊन बसवायचा. त्यामुळे आत संग्रहालय आहे हे कळण्याआधीच मला त्या इमारतीचं छप्पर पाठ झालं होतं. उभं, उतरतं, वर टोकदार मनोरे. "हे इंग्लंडातलं घर आहे," मी म्हणायचे. मामा म्हणायचा, "दगड तर हितलाच हाय की!"

परवा कोल्हापूरला गेले आणि तो वाद पुन्हा आठवला.

टाऊन हॉल बांधला १८७२ ते ७६ मध्ये, इंग्रजी गॉथिक धाटणीत. आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनियरचा. समोरचं सीपीआर, म्हणजे तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही त्याचंच. थोडक्यात, आजोबा आणि आम्ही, दोघंही मँटसाहेबाच्याच आश्रयाला होतो!

याच मँटने कोल्हापूरसाठी आणखी एक काम केलं, पण ते कोल्हापुरात नाही. १८७० साली युरोपच्या प्रवासावरून परतताना राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय जेमतेम वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथे १८७४ मध्ये त्यांचं स्मारक झालं, आणि मँटने त्यावर चक्क आपल्याकडची छत्री उभी केली. म्हणजे पाहा, आपला राजा इटलीत देशी छत्रीखाली आणि त्याची प्रजा कोल्हापुरात विलायती छपराखाली. तेही एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातून.

पुढे १८७७ मध्ये नवीन राजवाड्याचं काम सुरू झालं. आराखडा पुन्हा मँटचाच. पण इथे घुमट आले, छत्र्या आल्या, आणि त्यांच्या जोडीला विलायती घड्याळाचा मनोराही. दरबार हॉलच्या रंगीत काचा विलायती पद्धतीच्या, पण त्यांवर प्रसंग शिवचरित्रातले. काम पुरं झालं १८८४ साली. मँट मात्र १८८१ मध्येच गेला होता.

टाऊन हॉलमध्ये आज ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ती आहे. समुद्रापलीकडून दोनेक हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी आलेला देव! तिला आपण आपली म्हणतो, मग या छपरालाच परकं का म्हणायचं?

आजोबा त्या वेळी बरे होऊन घरी आले. मामा आता नाही. वादात तो जिंकला, हे मात्र त्याला सांगायचं राहून गेलं.