‘बिट्’ आणि सुरतेचे बदाम

थोडे थांबा, थोडे मीठ घाला, भाव थोडा चढा आहे : इंग्रजी बोलणाऱ्याचे या तिन्ही ठिकाणी ‘बिट्’ या एकाच शब्दावर भागते. या शब्दाचे मूळ दातांत आहे. चावणे या अर्थाच्या ‘बाइट्’ या क्रियापदाशी त्याचे सख्खे नाते. एका चाव्यासरशी तुटेल तेवढे ते ‘बिट्’, म्हणजे आपला घास. घासाचा तुकडा झाला, तुकड्याचा अर्थ अल्प असा झाला, आणि पुढे हा शब्द नाण्यांतही जाऊन बसला. अमेरिकेत स्पॅनिश डॉलरच्या अष्टमांशास ‘बिट्’ म्हणत.

आपले शब्द तरी काय करतात? ‘जरा’ हा अरबीतील कणावरून आला, ‘रतिभर’ गुंजेवरून, ‘कवडीमोल’ कवडीवरून. अल्पत्व सांगावयाचे तर मनुष्याला चिमटीत धरता येईल अशी वस्तू लागते.

सतराव्या शतकातील सुरतेला ती वस्तू बदामात सापडली. सुरत म्हटली की आपल्याला विरजी व्होऱ्याची संपत्ती, १६१३ सालची इंग्रजांची वखार आणि १६६४ व १६७० या सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. सारा हिशेब लाखांचा! परंतु त्याच पेठेत मूठभर भाजी घेणारेही होतेच. त्यांना तांब्याचा पैसाही मोठा पडे. रुपयाचे पैसे साधारण पन्नास. पैशाहून लहान व्यवहार करावयाचा कशाने? त्यासाठी इराणातील खडकाळ, कोरड्या मुलखातून कडू बदाम येत. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या १६७६ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्यांचा दर दिला आहे : पैशास ३५ ते ४०. हे बदाम इतके कडू की मुले खातील ही भीती नाही, असेही तो सांगतो. इंग्रजांचे चिल्लर घासातून निघाले, सुरतेचे चिल्लर तोंडात घालवत नव्हते!

इतरत्र हेच काम मालदीवच्या कवड्या करीत. समुद्राजवळ पैशास ८० पर्यंत कवड्या मिळत, आग्र्यास पोचेतो ५० किंवा ५५. वाहतुकीचा खर्च त्या कवडीच्याच अंगावर चढे. बदामाचेही तसेच. तो नाणे खरा, पण आधी माल. आवक वाढली की त्याचे मोल उतरणार. सराफाला याची झळ नव्हती, कारण त्याची शिल्लक चांदीत. जिची दिवसाची कमाईच बदामांत, त्या भाजीवालीचा विचार करा. पैशास ३५ असा दर असताना तिने ३५ बदाम गाठीला बांधले आणि दर ४० वर गेला, तर पुरा पैसा हाती येण्यास आणखी पाच बदाम हवेत. पाच बदाम म्हणजे चाळिसांचा अष्टमांश. अमेरिकन हिशेबाने नेमका एक ‘बिट्’. तेवढ्यासाठी तिला पुन्हा टोपली उचलावी लागे.