दोन किटकॅटचा बोर्ड

साताऱ्यात जुना वाडा उतरवायला काढला की लोक तुळया, खांब, दारांच्या चौकटी पाहायला जातात. मी विजेचा बोर्ड मागून घेतो. सांगलीत ही संधी निराळ्या वाटेने आली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि पूर ओसरल्यावर गावभागातल्या घरांचे बोर्ड गाळ काढण्यासाठी उघडावेच लागले. घरात वीज कधी आली हे कागदांवरून कळते. घराने ती कशी वापरली, हे किटकॅटमध्ये सापडते.

किटकॅट म्हणजे चिनी मातीचा, ओढून काढता येणारा फ्यूज. दोन स्क्रूंमध्ये एक बारीक तार. साखळीतली एक कडी मुद्दाम कच्ची ठेवायची, एवढीच त्यातली युक्ती. कोणती तार किती करंटला वितळते, याचे गणित ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी 1880 च्या दशकात मांडले. त्या हिशेबाने 0.2 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार साधारण 7 अँपिअरला वितळते, म्हणून ती 5 अँपिअरच्या फ्यूजला चालते. जाडी अडीचपट, म्हणजे 0.5 मिलिमीटर केली, तर वितळण्याचा आकडा 28 वर जातो. अडीचपटीला चौपट! हे गणित घरात कोणालाच ठाऊक नसे.

1960 साली राज्य वीज मंडळ झाले, 1962 पासून कोयनेची वीज वाहू लागली. दिव्यांपुरत्या टाकलेल्या वायरिंगवर पुढे इस्त्री आली, हीटर आला, मिक्सर आला. फ्यूज उडू लागला. तो नेमका रात्री उडायचा, दुकाने बंद झाल्यावर. मग इस्त्रीच्या जुन्या वायरीतले दोन-तीन धागे पिळून किटकॅटमध्ये बसवायचे. आमच्याकडेही हेच चाले, आणि 'आता बघ कसा उडतो' असे वर म्हणायचे. आता तो उडणार नव्हताच. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापणार होती.

विलायतेत 1947 च्या मानकाने प्लगच्या आतच छोटा फ्यूज आला. इस्त्री बिघडली तर इस्त्रीपुरताच फ्यूज जातो. आपण मात्र त्याआधीच्या ब्रिटिश गोल पिनांच्या प्लगवर राहिलो, आधी 5 आणि 15 अँपिअरचे, आता 6 आणि 16 चे. त्यांत फ्यूज नाही. सगळी भिस्त बोर्डावरच्या किटकॅटवर.

आणि जुन्या बोर्डांवर किटकॅट दोन असतात: एक फेजला, एक न्यूट्रलला. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज ठेवायला मनाई केली; तिथे साधी लिंक हवी. जुने बोर्ड मात्र होते तसेच राहिले. साताऱ्याच्या एका वाड्यातून आणलेला असा बोर्ड सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यात फेजच्या किटकॅटमध्ये तीन जाड धागे पिळलेले आहेत, न्यूट्रलच्या किटकॅटमध्ये मूळची बारीक तार. दोन्हींतून करंट सारखाच जातो, तेव्हा आधी वितळणार ती बारीक. म्हणजे लोड वाढला की न्यूट्रल तुटणार, सगळे घर अंधारात जाणार, आणि फेज प्रत्येक सॉकेटमध्ये जिवंतच राहणार.

माझे काका याच फसवणुकीला बळी पडता पडता वाचले. दिवे गेले, फ्यूज उडालाय, तेव्हा लाईन बंदच, अशा समजुतीने त्यांनी मेन बंद न करता सॉकेट उघडले. बोटावरचा व्रण शेवटपर्यंत होता. एरवीसुद्धा फ्यूज माणसासाठी नसतोच. अंगातून 0.1 अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो; 5 अँपिअरच्या तारेला त्याची दखलही नसते.

न्यूट्रल तुटल्याची खूण वायरमन सांगतात ती अशी: एखादे बटण चालू असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. बल्बमधून किंवा पंख्यातून गेलेली फेज पुढे वाट न मिळाल्याने दुसऱ्या तारेवरही येऊन थांबलेली असते. 'दोन्हीकडे फेज आली' म्हणून लोक चक्रावतात. दोन्हीकडे टेस्टर पेटला, तर सॉकेटला हात न लावता मेन बंद करून न्यूट्रल शोधावा.

पुरानंतर गावभागातल्या एका घरात फेजला नवी कोरी एमसीबी बसवलेली पाहिली. शेजारी न्यूट्रलचे जुने किटकॅट गाळ पुसून परत लावलेले. घरमालक म्हणाले, "ते चालतंय की अजून." त्यांच्याच वायरमनला बोलावून, मेन बंद करून, त्या जागी लिंक बसवून घेतली. किटकॅट मी मागून आणले. आत 0.2 मिलिमीटरची तार होती, काळवंडलेली, पण अखंड.