माथेरानच्या टॉय ट्रेनचं ‘स्टीम इंजिन’ खरंच वाफेवर चालतं का?

काळं इंजिन, धूर आणि खाली ‘हेरिटेज स्टीम इंजिन’ असं कॅप्शन. माथेरानचं हे रील तुमच्याही फीडवर आलं असेल. मी मुलुंडचा, नेरळ आमच्याच मध्य रेल्वेवर. त्यामुळे मित्र मलाच विचारतात, हे खरं आहे का रे?

सरळ उत्तर: नाही. तिथली वाफेची इंजिनं १९८०च्या दशकातच निवृत्त झाली. आता गाडी ओढतं ते डिझेल. त्यातल्या एका इंजिनाला मध्य रेल्वेने वाफेच्या इंजिनाचं रूप दिलंय, तेच रीलमध्ये दिसतं.

थोडक्यात माहिती
- सुरुवात: १९०७, पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने
- मार्ग: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान; सुमारे २० किमी
- गेज (दोन रुळांमधलं अंतर): ६१० मिमी. आपल्या लोकलचं १६७६ मिमी

गेज एवढं लहान का?
वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, पण दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. रूळ जवळ असले की हा फरक कमी होतो आणि गाडी अगदी छोट्या वळणावरूनही जाते. म्हणजे डोंगरही कमी फोडावा लागतो.

जुनं इंजिन कसं चालायचं?
कोळशाच्या आगीवर बॉयलरमधल्या पाण्याची वाफ व्हायची. ती सिलिंडरमधला दट्ट्या पुढे-मागे ढकलायची आणि दांड्यांमुळे चाकं फिरायची. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या त्या इंजिनांत खास सोय होती: पुढचा आणि मागचा आस वळणाप्रमाणे थोडा वळायचा, तरीही सहाही चाकांना जोर मिळायचा.

खरं इंजिन कसं ओळखाल?
धुरावर जाऊ नका, आवाज ऐका. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ. म्हणून चाकाच्या एका फेरीत चार वेळा ‘छुक’ होतं. व्हिडिओ स्लो करून मोजा. आवाज नंतर चिकटवलेला असेल तर चाकांशी मेळ बसणार नाही.

दुसरी खूण पाण्याची. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी भरावंच लागतं. ‘वॉटर पाईप’ हे स्टेशनचं नाव त्यातूनच आलंय.

मग खरी इंजिनं कुठे गेली?
सगळी भंगारात गेली नाहीत. ७४० क्रमांकाचं इंजिन तर थेट ब्रिटनमध्ये जतन केलंय. म्हणूनच कॅप्शन बरोबर हवं. डिझेललाच ‘स्टीम’ म्हणत राहिलो, तर जपलेल्या खऱ्या इंजिनांची किंमत कुणाला कळणार?

जाण्याआधी
पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. कारण गंभीर आहे. जुलै २००५च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. तेव्हा घाटकोपर किंवा मुलुंडहून कर्जत लोकल पकडण्याआधी गाडी सुरू आहे ना, हे मोबाईलवर बघून घ्या.